गुलमर्गला जा, पण काउंटरवर नको

पत्र

ताई, नमस्कार. मी तासगाव तालुक्यातली, वय २३. हॉटेल मॅनेजमेंट करून सध्या महाबळेश्वरला एका हॉटेलात फ्रंट ऑफिसला आहे. आमचे जुने मॅनेजर आता गुलमर्गच्या एका हॉटेलात गेलेत. डिसेंबर ते मार्च सीझनला ये, म्हणून त्यांचा फोन आला. फ्रंट ऑफिसची जागा नक्की आहे. हाऊसकीपिंग सुपरवायझर आणि हॉटेलच्या स्की शॉपलाही माणूस हवाय, तुला काय जमतंय ते सांग, म्हणाले. एक मैत्रीण औलीच्या छोट्या हॉटेलात बोलावतेय, तिथे पडेल ते काम. मामेभाऊ म्हणतो, हे सगळं सोड, स्कीचा कोर्स कर आणि थेट इन्स्ट्रक्टर हो. कोल्हापूरचा एक एजंट कॅनडातल्या स्की रिसॉर्टसाठी साडेतीन लाख मागतोय. पप्पा म्हणतात, डिग्री घेऊन हंगामी कामगार होणार का? आणि तेही ऐन द्राक्षतोडणीत घर सोडून? मी आयुष्यात बर्फ पाहिलेला नाही. पैसे साठवायचे म्हणून जात नाहीये. चार महिने मजेत जावेत, स्की शिकावं, एवढंच मनात आहे. कुठलं काम घेऊ?
– बर्फवेडी, तासगाव

उत्तर

प्रिय बर्फवेडी,

स्की शॉप घे. फ्रंट ऑफिसची जागा 'नक्की' आहे, ओळखीची आहे, त्यात हात बसलेला आहे, हे सगळं खरं. पण ज्या कामाला महाबळेश्वरात वैतागलीस तेच काम अडीच हजार मीटरवर जाऊन, दोन स्वेटर घालून करायचं असेल तर एवढा प्रवास कशाला? वैतागलीस असं तू लिहिलेलं नाहीस, पण मजेत चार महिने मागणारी पोर सध्या मजेत नसते, एवढं मला कळतं.

बर्फाच्या ठिकाणी काम निवडताना बहुतेक जण हुद्दा बघतात, फार तर पगार बघतात. तू घड्याळ बघ. थंडीत उजेड आणि बर्फ दोन्ही हाताशी असण्याचा वेळ सकाळी दहा ते दुपारी चार, बस्स. त्या सहा तासांतले किती तुझ्या वाट्याला येतात यावर तुझे चार महिने कसे जाणार ते ठरतं. फ्रंट ऑफिसला चेकआउट सकाळी, चेकइन दुपारी, म्हणजे तेच सहा तास काचेच्या आत. शिवाय एक गोष्ट तिथे गेल्याशिवाय कुणाच्या ध्यानात येत नाही. रात्रभर मस्त हिमवर्षाव झाला की सकाळी स्की करणाऱ्यांची दिवाळी असते आणि रिसेप्शनवरच्यांचा शिमगा. तंगमर्गहून वर येणारा तेरा किलोमीटरचा रस्ता अडलेला, टायरला साखळ्या लावलेल्या गाड्याच तेवढ्या चढणार, श्रीनगरची विमानं रद्द, जाणारे गेस्ट अडकलेले आणि येणारे फोनवर ओरडणारे. म्हणजे डोंगरावरचा सगळ्यात सुंदर दिवस तो तुझ्या काउंटरवरचा सगळ्यात वाईट दिवस. 'रूमला व्ह्यू नाही' म्हणून भांडणारी माणसं तिथेही येतील, ती सीझनबरोबर फिरत असतात.

हाऊसकीपिंगला मी नाकं मुरडणार नाही. परदेशातल्या स्की रिसॉर्टमध्ये, ज्यांना स्कीचाच नाद आहे अशी पोरं मुद्दाम असली कामं घेतात. खोल्या दुपारपर्यंत उरकतात, मग डोंगर मोकळा. किचनची संध्याकाळची पाळीही त्यासाठीच मागून घेतात, म्हणजे अख्खी सकाळ आपली. पण तुला सुपरवायझर म्हणून बोलावतायत. सुपरवायझर सगळ्यांत शेवटी सुटतो. ओले गालिचे, बुटांनी आणलेला चिखल, खोलीतली बुखारी, म्हणजे काश्मिरी शेगडी, नीट पेटत नाही म्हणून तक्रार, आणि पोरं निघून गेल्यावर शिल्लक राहिलेली लिनन तू मोजत बसणार. साध्या रूम अटेंडंटची जागा असती तर मी दोनदा विचार करायला सांगितलं असतं.

आता स्की शॉप. इथे दिवसाला दोन लाटा येतात. सकाळी साडेआठ ते साडेदहा माणसांची झुंबड, दुपारी साडेतीननंतर परतीची झुंबड. मधले तास बऱ्यापैकी मोकळे, आणि दोन-तीन जण असतील तर आलटून पालटून डोंगरावर जाता येतं. काम हाताचं आहे, आणि शिकण्यासारखं आहे. समजा नाशिकचं पाच जणांचं कुटुंब आलं. सगळ्यांनी दोन-दोन लोकरी मोजे चढवलेत, प्रत्येकाला बूट एक नंबर मोठा हवाय, 'सैल असला की बरा' म्हणून. तुला त्यांचे मोजे उतरवायला लावायचेत, कारण स्कीच्या बुटात एकच पातळ मोजा घालतात. दोन घातले की घडी पडते, रक्त अडतं, पाय उलट जास्त गारठतो. पॅन्टची कड बुटात अडकलेली असते, ती बाहेर काढायची. स्की बुटाचा नंबर म्हणजे पायाची सेंटिमीटरमधली लांबी, पंचवीस, साडेपंचवीस असा. सरळ उभं राहिल्यावर अंगठा पुढे टेकला पाहिजे, आणि गुडघे वाकवून नडगी बुटाच्या जिभेवर रेलली की अंगठा जरा मागे सरला पाहिजे. हे बरोबर बसलं की माणसाचा चेहरा आक्रसलेलाच असतो, कारण बूट घट्ट असतो. त्याला पटवणं हेही तुझंच काम.

त्यानंतर बाइंडिंग, म्हणजे बूट आणि स्की यांना जोडणारी खिट्टी. पडल्यावर ती वेळेत सुटली नाही तर गुडघा जातो, आणि उगाच सुटली तर माणूस चालत्या वेगात पडतो. ती किती घट्ट ठेवायची ते वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि माणूस किती सराईत आहे यावरून तक्ता बघून ठरवतात. इथे लोक वजन कमी सांगतात आणि स्की येत असल्याच्या थापा मारतात. तुझ्या तीन वर्षांच्या डिग्रीत शिकवलेलं गोड बोलणं नेमकं इथे कामाला येईल. संध्याकाळी ओले बूट वाळवणीला लावायचे, स्कीच्या धातूच्या कडा कानसीने घासायच्या, बुडाला इस्त्रीने मेण लावून खरवडायचं. मेणाचा वास सगळ्या दुकानात भरतो. ज्याला हाताला चाळा लागतो त्याला हे काम फार आवडतं. बागेत विळी-कात्री हातात घेऊन वाढलेल्या पोरीला आवडेल असा माझा अंदाज आहे, चुकला तर कळव.

मॅनेजरना फोन कर, पण 'सर, मला स्की शॉप आवडेल' एवढंच बोलून ठेवू नकोस. ओळखीचा माणूस आहे म्हणून विचारायला लाजायचं, हा आपल्याकडचा जुना रोग. दुपारी दोन ते चार मोकळे मिळणार का? आठवड्याची सुट्टी रविवार सोडून मिळणार का, कारण रविवारी डोंगरावर जत्रा असते? दुकानातली स्की आणि बूट स्टाफला फुकट वापरता येतात का? गोंडोलाचं, म्हणजे डोंगरावर नेणाऱ्या केबल कारचं, तिकीट किंवा पास कोण देणार? हा शेवटचा प्रश्न नीट विचार. परदेशात स्टाफला सीझन पास पगाराबरोबर मिळतो, पण गुलमर्गची गोंडोला ही हॉटेलची नाही, जम्मू-काश्मीर सरकारच्या केबल कार कॉर्पोरेशनची आहे. रोज स्वतःच्या खिशातून तिकीट काढायला लागलीस तर पगार वरच राहील. सुरुवातीला मात्र तुला गोंडोलाची गरजच नाही. पायथ्याच्या मैदानावरचे छोटे उतार महिनाभर पुरतात.

वर कुठे जाऊ नये हेही सांगते. गोंडोलाचा पहिला टप्पा कोंगडोरीपर्यंत जातो, दुसरा अफरवट शिखराच्या खांद्यावर, जवळपास चार हजार मीटरवर. वरचा उतार तिथे निगराणीत असेल तेवढाच आपला. त्याच्या बाहेरचा बर्फ कधी सुटेल याचा नेम नसतो. २०२३ आणि २०२४ या दोन्ही वर्षी फेब्रुवारीत तिथे हिमस्खलनात परदेशी स्कीयर गेले, आणि ती नवखी माणसं नव्हती. महिनाभरात थोडं जमायला लागलं की सोबतची पोरं 'चल, वर नेतो' म्हणतील. नाही म्हण.

मामेभावाची कल्पना वाईट नाही, फक्त उलट्या क्रमाने आहे. गुलमर्गलाच केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची स्कीइंग आणि गिर्यारोहणाची संस्था आहे, १९६८ पासूनची. मनालीलाही अटलबिहारी वाजपेयींच्या नावाची पर्वतारोहण संस्था स्कीचे कोर्स घेते. बेसिक, मग इंटरमिजिएट, मग ॲडव्हान्स्ड अशा पायऱ्या आहेत आणि एकेक कोर्स साधारण पंधरवड्याचा. एका सीझनमध्ये कुणी इन्स्ट्रक्टर होत नाही, आणि बर्फ न पाहिलेली मुलगी तर नाहीच. त्यातून गुलमर्गचे बहुतेक गाईड आणि शिकवणारे तंगमर्ग-परिसरातले, लहानपणापासून बर्फात वाढलेले. त्यांच्या पोटावर पाय देऊन तुला तिथे काम मिळणार नाही आणि मिळूही नये. पण बेसिक कोर्स तू नक्की कर. जानेवारीत, नाताळ-नववर्षाची गर्दी ओसरल्यावर सुट्टी घेऊन जमतो का ते आत्ताच मॅनेजरकडून कबूल करून घे. दुकानात कोर्स केलेली मुलगी बसली तर फायदा त्यांचाच आहे.

औलीबद्दल थोडक्यात. उतार छान, समोर नंदादेवी, गर्दी कमी. पण जानेवारी २०२३ मध्ये औलीच्या पायथ्याच्या जोशीमठात जमीन खचली, रोपवे बंद पडला आणि त्या गावावरचं सावट अजून पुरतं हटलेलं नाही. छोट्या हॉटेलात 'पडेल ते काम' याचा अर्थ मालकावर अवलंबून असतो. मालक चांगला तर घरच्यासारखी मजा, नाहीतर सकाळी चहा आणि रात्री भांडी, आणि मधे रिसेप्शनही तूच. मैत्रीण तिथे एक सीझन काढून आलेली असेल तर तिचं ऐक. ती पण पहिल्यांदाच जाणार असेल तर दोघींनी मिळून फसू नका.

एजंट. साडेतीन लाख देऊ नकोस, एक रुपयाही आगाऊ देऊ नकोस. परदेशी नोकरीसाठी माणसं पाठवणाऱ्याकडे परराष्ट्र मंत्रालयाचं लायसन्स लागतं, ते ई-मायग्रेट पोर्टलवर नाव टाकून तपासता येतं. आणि लायसन्सवाल्यालाही तुझ्याकडून घेता येतात जास्तीत जास्त ३० हजार रुपये आणि त्यावर जीएसटी. साडेतीन लाख हा आकडाच सगळं सांगतो. ऑफिसला एसी आहे, भिंतीवर मेपलचं पान आहे, याने भुलू नकोस.

परदेशातच जायचं असेल तर कॅनडापेक्षा तुझ्यासाठी एक सरळ वाट आहे, आणि ती तुझ्या पप्पांच्या बागेलाही सोयीची आहे. ऑस्ट्रेलियाने भारतीयांसाठी वर्क अँड हॉलिडे व्हिसा सुरू केलाय. पहिली सोडत ऑक्टोबर २०२४ मध्ये उघडली. वय १८ ते ३०, बारावीनंतर किमान दोन वर्षांचं शिक्षण, कामापुरतं इंग्रजी, आणि गाठीशी साधारण ५ हजार ऑस्ट्रेलियन डॉलर. वर्षाला १ हजार जागा, नावं सोडतीने निघतात, त्यामुळे नशिबाचा भाग आहेच. पण एजंट लागत नाही, अर्ज घरबसल्या होतो. तिकडे ऋतू उलटे. थ्रेडबो, पेरिशर, फॉल्स क्रीक, माउंट बुलर इथला बर्फ जूनमध्ये सुरू होतो आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला संपतो. म्हणजे एप्रिलची खरड छाटणी उरकून जायचं आणि फळछाटणीच्या सुमाराला परत. भरती मात्र सीझनच्या कित्येक महिने आधी सुरू होते. मजेची बाब अशी की तोच व्हिसा दुसऱ्या वर्षासाठी हवा असेल तर ठरावीक भागात ठरावीक कामं काही महिने करावी लागतात, आणि त्या कामांत द्राक्षवेलीची छाटणीही बसते. तासगावच्या पोरीला हे काम कुणी शिकवायला नको. गुलमर्गचा एक सीझन गाठीशी असला की तिथे अर्ज करताना स्की शॉपचा अनुभव लिहिता येईल, हेही स्की शॉप घे म्हणण्यामागचं एक कारण आहे.

आता पप्पा. त्यांचे मुद्दे तीन आहेत असं मला वाटतं, दोन त्यांनी बोलून दाखवले आणि तिसरा दाखवला नाही.

हंगामी कामगार म्हणून नाक मुरडणं हे निदान सांगलीकराला शोभत नाही. आपल्या जिल्ह्यात साखर कारखान्याचा हंगामी कामगार असणं ही घरात पेढे वाटण्याची गोष्ट होती. गळीत हंगाम संपला तरी त्याला रिटेन्शन, म्हणजे बंद काळातला काही पगार, मिळतं आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात बॉयलर पेटला की पुन्हा बोलावणं येतं. गुलमर्गचं काम तसं नाही, हे पप्पांच्या बाजूने कबूल करते. मार्चमध्ये बर्फ वितळला की पगार थांबला, रिटेन्शन वगैरे काही नाही. म्हणून महाबळेश्वरच्या नोकरीचा राजीनामा देण्याआधी तिथल्या मालकाला विचार, एप्रिल-मेच्या सीझनला परत घ्याल का. उन्हाळ्यात त्यांनाही माणसं लागतातच. आणि लांब जाण्याचं म्हणशील, तर देशात जिथे सराफकट्टा आहे तिथे विट्या-खानापूरकडचा गलाईवाला, म्हणजे सोनं-चांदी गाळणारा, सापडतो. आपल्या भागाला परमुलुखाचं वावडं कधीच नव्हतं.

तोडणीचा मुद्दा मात्र खरा आहे. बर्फाचा सीझन आणि द्राक्षाचा सीझन एकाच वेळी येतो आणि त्यावर तोडगा नाही. फेब्रुवारीत तोडणी, व्यापाऱ्याशी भाव, मजुरांचे हिशेब, बेदाण्याच्या शेडवर फेऱ्या, या सगळ्यात तू नसशील. 'मी मधे येऊन जाईन' असं सांगू नकोस, सीझन भरात असताना तुला कुणी सोडणार नाही. त्यापेक्षा सरळ सांग की या वर्षी मी नाही, आणि मजुरांचे हिशेब लिहायला कुणाला बसवायचं ते जाण्याआधी ठरव. रोज रात्री फोनवर हिशेब बघते म्हणालीस तर तो शब्द पाळ. नाही पाळता आला तर पुढच्या वर्षी तुझं कुणी ऐकणार नाही.

तिसरा, न बोललेला मुद्दा म्हणजे काश्मीर. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामला २६ माणसं मारली गेली, त्यात सहा महाराष्ट्रातली. त्यानंतर कुठला बाप पोरीला हसत हसत तिकडे धाडेल? त्यांच्या भीतीवर 'काही होत नाही हो पप्पा' हे उत्तर नाही. मॅनेजरचा आणि हॉटेलचा नंबर त्यांना दे, त्यांचं बोलणं करून दे, राहणार कुठे ते दाखव. तरीही ते नको म्हणाले तर मनालीजवळ सोलंगला याच महिन्यांत काम शोध. पर्वत थोडा बदलेल, काम तेच.

नियुक्तीपत्रात एक ओळ हवीच: बर्फ उशिरा पडला तर काय? हसू नकोस. २०२४ च्या जानेवारीत गुलमर्ग जवळपास कोरडंठाक होतं, उतारावर गवत दिसत होतं. २०२५ ला खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा बर्फाअभावी फेब्रुवारीतून मार्चवर ढकलल्या. अशा वेळी हॉटेल बुकिंग रद्द होतात आणि पहिली कुऱ्हाड सीझनच्या पोरांवर पडते. रुजू झाल्यापासून पगार सुरू, किमान इतके महिने, हे लेखी घे. सोबत राहणं-जेवण पगारात धरलंय की वेगळं, तेही.

राहण्याच्या जागेबद्दल बारकाईने विचार. मुलींची खोली वेगळी आहे का, आणखी किती मुली आहेत, खोली गरम ठेवायची सोय काय, नळ गोठले तर पाणी कुठून? चिल्ले कलानचे, म्हणजे काश्मीरातल्या कडाक्याच्या थंडीचे, चाळीस दिवस, २१ डिसेंबरपासून पुढे, रात्री पारा उणे दहाच्या आसपास जातो. दहा किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या ठिकाणी लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असणं २०१३ च्या कायद्याने बंधनकारक आहे. समितीत कोण आहे ते विचार. नाव लगेच सांगितलं तर ठीक. 'असलं काही लागत नाही आमच्याकडे' असं उत्तर आलं तर मग मी सुद्धा पप्पांच्या बाजूला.

जाताना पुण्याहून झेलम एक्स्प्रेसने जम्मू गाठ. पुढे हायवे बर्फाने बंद होतो, त्याऐवजी कटऱ्याहून श्रीनगरची रेल्वे जून २०२५ पासून सुरू झाली आहे. थर्मल इथूनच ने. पण हातमोजे आणि बूट इथे घेऊ नकोस, सांगलीच्या दुकानात मिळतात ते स्कूटरसाठीचे. तंगमर्गला घे, दुकानातल्या पोरांना विचारून घे. आणि निघण्याआधी मोबाइल पोस्टपेड करून घे, बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही. हिशेबाचा फोन पहिल्याच रात्री लागला नाही तर पप्पा दुसऱ्या गाडीने तिथे हजर होतील.

– तुझी ताई